क्यूचा जॉइंट : फटका हातापर्यंत पोचतो कसा

मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘द कलर ऑफ मनी’ हा चित्रपट 1986 मध्ये आला. त्यात पॉल न्यूमनने रंगवलेला पूलचा मुरलेला खेळाडू एडी आपल्या तरुण चेल्याला, म्हणजे टॉम क्रूझला, एक क्यू भेट देतो. तो ‘बालाबुश्का’ आहे हे कळताच चेल्याचा चेहरा बदलतो. जॉर्ज बालाबुश्का हे रशियात जन्मलेले आणि लहानपणीच न्यू यॉर्कला आलेले कारागीर. 1959 पासून 1975 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी हजार-बाराशे क्यू घडवले आणि पूलच्या दुनियेत त्यांचं नाव दंतकथेसारखं झालं. चित्रपटात क्रूझने फिरवला तो क्यू मात्र त्यांचा नव्हताच. अस्सल बालाबुश्का चित्रीकरणाच्या आदळआपटीत घालण्याइतका स्वस्त नव्हता, म्हणून जॉस या अमेरिकी कंपनीचा, तसाच दिसणारा क्यू वापरला गेला. प्रेक्षकांना फरक कळला नाही.

बालाबुश्कांच्या बहुतेक क्यूंच्या मधोमध, दोन तुकडे जुळतात त्या जॉइंटवर, स्टेनलेस स्टीलची चकचकीत कडी असे. त्या पिढीतले फिलाडेल्फिया परिसरातले गस झाम्बोटीही स्टील वापरत. या दोघांच्या कीर्तीबरोबर अमेरिकेतल्या खेळाडूंच्या डोक्यात एक समीकरण पक्कं झालं : स्टीलचा जॉइंट म्हणजे कडक, नेमका फटका. मग इतर समीकरणंही आली. हस्तिदंत गोड लागतो, लाकडाला लाकूड भिडलं की फटका जिवंत वाटतो, प्लास्टिक मऊ असतं, फिनॉलिक हा कडक कृत्रिम पदार्थ या सगळ्यांच्या मध्ये कुठे तरी बसतो. दुकानदार ही वाक्यं गिऱ्हाइकाला ऐकवतात, गिऱ्हाईक ती क्लबातल्या सोबत्यांना ऐकवतं आणि काही हजारांचा क्यू घ्यायचा की काही लाखांचा, हे पुष्कळदा त्यांच्यावरच ठरतं.

क्यूच्या एकेका भागाचा विचार करणाऱ्या या पुस्तकाची सुरुवात टिप किंवा शाफ्टने न करता जॉइंटने होते आहे, त्याचं कारण हेच. क्यूबद्दल जितके ठाम समज आहेत, त्यांतले सर्वांत ठाम जॉइंटबद्दल आहेत. त्यांत तथ्य आहे, पण ते सांगितलं जातं त्या जागी नाही.

क्यू दोन तुकड्यांत असण्याची गरज खेळातून आली नाही, ती प्रवासातून आली. एकसंध लाकडाचा दांडा फटक्यासाठी चांगलाच असतो, पण जवळपास दीड मीटरची काठी घेऊन गावोगाव फिरणं अवघड. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये कॅप्टन मँगो यांनी क्यूला चामड्याची टिप बसवली आणि चेंडूला हवी तशी फिरकी देता येऊ लागली. त्यानंतर लवकरच, 1829 च्या सुमारास, दोन तुकड्यांचा क्यू आला. म्हणजे जॉइंट पहिल्यापासून तडजोड म्हणूनच जन्माला आला. तेव्हापासून आजवर प्रत्येक कारागिराची धडपड एकच : जोडलेला क्यू अखंड असल्यासारखा वागावा.

आजचा पूलचा क्यू साधारण 58 इंचांचा असतो आणि बरोबर मधोमध, 29 इंचांवर, उघडतो. पुढचा निमुळता भाग शाफ्ट, मागचा जाड भाग बट. वजन बहुधा 18 ते 21 औंस, म्हणजे 510 ते 595 ग्रॅम. जागतिक पूल संघटनेच्या नियमांनुसार ते 25 औंसांच्या वर जाता कामा नये. जॉइंट म्हणून जे ओळखलं जातं त्यात खरं तर तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली कडी किंवा कॉलर, ती लाकडाचं टोक फाटू देत नाही. दुसरी पिन, म्हणजे बटमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा. तिसरी गोष्ट म्हणजे शाफ्ट आणि बट यांचे एकमेकांना टेकणारे पृष्ठभाग.

बोलताना या तिन्हींची गल्लत होते. ‘स्टीलचा जॉइंट’ म्हणतात तेव्हा कडी स्टीलची असते. पिन तर फिनॉलिकची कडी असलेल्या क्यूमध्येही बहुधा स्टीलचीच असते. पिनचे आकडेही वाचून घ्यावे लागतात. 5/16×14 म्हणजे व्यास पाव इंचाहून थोडा जास्त आणि एका इंचात 14 आटे. 3/8×10 म्हणजे पिन जाड आणि आटे रुंद. बारीक आट्यांच्या पिनसाठी शाफ्टमध्ये सहसा पितळेची नळी बसवतात. जाड, रुंद आट्यांची पिन थेट लाकडात पाडलेल्या आट्यांत फिरवता येते. बालाबुश्कांच्या पद्धतीत शाफ्टच्या तोंडाशी पितळेचा छोटा उंचवटा असतो आणि तो स्टीलच्या कडीतल्या खोबणीत घट्ट बसतो. कारागीर त्याला पायलटेड जॉइंट म्हणतात. विस्कॉन्सिनमधली मॅकडरमॉट कंपनी 3/8×10 ची पिन वापरते आणि दोन्ही तोंडं सपाट ठेवते, म्हणजे लाकूड लाकडाला भिडतं. कॅरमच्या, म्हणजे खिसे नसलेल्या टेबलावरच्या बिलियर्ड्सच्या, काही क्यूंमध्ये धातू अजिबात नसतो; पिनही लाकडाचीच आणि आटेही लाकडातच.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. कडीचा पदार्थ बदलतो तेव्हा तो एकटा क्वचितच बदलतो. स्टीलच्या कडीबरोबर बहुधा पायलटेड बांधणी, पितळेची नळी आणि वेगळी पिन येते. मिसिसिपीतल्या बॉब म्यूची यांचे क्यू मऊ फटक्यासाठी गाजले आणि लोकांनी श्रेय त्यांच्या प्लास्टिकच्या जॉइंटला दिलं. पण त्या क्यूंचे शाफ्टही लवचीक होते. मऊपणा नेमका कुठून आला हे फक्त जॉइंटकडे पाहून सांगता येणार नाही.

पदार्थांचा खरा, मोजता येणारा फरक वजनात आहे. एका घन सेंटिमीटरचं वजन पाहिलं तर पितळ सुमारे 8.5 ग्रॅम, स्टेनलेस स्टील जवळपास 8, टायटॅनियम 4.5, हस्तिदंत 1.8 च्या आसपास, फिनॉलिक सुमारे 1.4 आणि कडक मेपल 0.7. नेहमीच्या जाडीची एक इंच लांब कडी स्टीलची केली तर ती साधारण 35 ग्रॅम भरते; तीच फिनॉलिकची केली तर जेमतेम 6. हा 29 ग्रॅमचा फरक एकूण वजनात किरकोळ वाटतो, पण तो पडतो कुठे हे पाहायला हवं. क्यूचा तोल बटच्या टोकापासून साधारण साडेअठरा इंचांवर असतो आणि जॉइंट त्याच्या साडेदहा इंच पुढे. 540 ग्रॅमच्या क्यूवर तिथे एवढं वजन वाढवलं की तोलाचा बिंदू सुमारे अर्धा इंच पुढे सरकतो. अर्धा इंच कोणत्याही अनुभवी हाताला कळतो. क्यू टेबलावर जास्त स्थिर बसल्यासारखा वाटतो, पुढचा हात भार सांगतो आणि फटक्याची लय थोडी बदलते. ‘स्टीलचा फटका भरीव असतो’ या वाक्यात पुष्कळ भाग हा आहे, आणि तो फटक्याच्या आधीच घडलेला असतो.

आता फटका. टिप आणि पांढरा चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा वेळ. टिप मऊ असेल तर थोडा जास्त. धक्क्याची लहर मेपलच्या तंतूंच्या दिशेने सेकंदाला सुमारे 4 हजार मीटर या वेगाने जाते. जॉइंट टिपपासून 74 सेंटिमीटरवर असल्याने ती तिथे पोचून परत यायला एका मिलिसेकंदाच्या चार दशांशांहून कमी वेळ लागतो. म्हणजे चेंडू सुटण्याआधी जॉइंटची ‘खबर’ टिपपर्यंत येऊ शकते, हे खरं. पण चामड्याची टिप हा धक्का इतका मवाळ करून आत पाठवते की तोवर सगळा क्यू जवळजवळ एकाच वस्तूसारखा पुढे ढकलला जात असतो. परतलेल्या लहरीच्या हाती चेंडूचं फार काही बदलणं उरत नाही.

फिरकी दिल्यावर चेंडू एका बाजूला ढळतो, त्या विचलनाबाबत तर चित्र आणखी स्पष्ट आहे. क्यूच्या आडव्या हालचालीची लहर फार संथ असते. टिप चेंडूपासून सुटेपर्यंत ती शाफ्टच्या पुढच्या साधारण 15 ते 20 सेंटिमीटरांपलीकडे जात नाही. म्हणून विचलन कमी करायचं तर वजन टोकाशीच घटवावं लागतं. 1994 मध्ये सुरू झालेल्या प्रेडेटर कंपनीचा 314 शाफ्ट त्यावरच नावारूपाला आला. रॉन शेपर्ड यांनी 2001 मध्ये या विषयावर सविस्तर गणित मांडलं आणि कोलोराडो राज्य विद्यापीठातले प्राध्यापक डेव्हिड अल्सियाटोरे यांनी प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली. त्या हिशेबात जॉइंटला जागा नाही. जॉइंट बदलून विचलन कमी होईल असं कोणी सांगत असेल, तर तो क्यू विकतो आहे असं समजावं.

मग हाताला जे लागतं ते काय? चेंडू निघून गेल्यावर क्यू थरथरत राहतो, आणि खेळाडू ज्याला फटक्याची जाणीव म्हणतो ती या थरथरीची असते. हातातून निघालेला संदेश मेंदूपर्यंत जायला 15-20 मिलिसेकंद लागतात. सेकंदाला 3 मीटर वेगाने निघालेला चेंडू तेवढ्या वेळात 5-6 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. जाणीव ही नेहमी घडून गेलेल्या फटक्याची असते. ती चालू फटका सुधारू शकत नाही, पुढचा मात्र सुधारते, आणि म्हणूनच तिला किंमत आहे.

या थरथरीत जॉइंटचं स्थान मोठं आहे. पुढचा हात टिपपासून वीतभर अंतरावर शाफ्टला टेकलेला असतो, मागचा हात बटवर. जॉइंट दोन्ही हातांच्या मध्ये. मागच्या हाताला जे काही कळतं ते जॉइंट ओलांडूनच येतं. त्यात भर म्हणजे मोकळा दांडा थरथरतो तेव्हा त्याचा मध्य सर्वांत जास्त वाकतो आणि दोन्ही टोकांपासून साधारण 22 टक्के लांबीवर असे दोन बिंदू असतात जे जवळजवळ स्थिर राहतात. क्रिकेटची बॅट धरणाऱ्याला याचा अनुभव असतो : चेंडू पात्यावरच्या अशा स्थिर जागी लागला तर हाताला झिणझिण्या येत नाहीत. क्यू निमुळता असल्याने हे बिंदू थोडे सरकतात, पण मूळ गोष्ट तीच राहते. पूलच्या क्यूचा जॉइंट नेमका सर्वाधिक वाकणाऱ्या जागी येतो. तिथे वजन वाढवलं की थरथर संथ होते. तिथे सांधा कडक असला की ती भरभर आणि स्वच्छ होते. सांधा ढिला असला की ती तुटक आणि बोथट होते.

स्नूकरच्या क्यूची रचना यावरून चांगली समजते. तो बहुधा अ‍ॅशच्या लाकडाचा, त्याचा जॉइंट पितळेचा आणि जागा मधोमध नसून मागच्या चतुर्थांशाच्या आसपास. पुढचे जवळपास 40 इंच लाकूड अखंड राहतं आणि जॉइंट येऊन बसतो त्या कमी हलणाऱ्या बिंदूच्या शेजारी. पितळेसारखा जड धातू वापरूनही स्नूकरपटू जॉइंटच्या पदार्थावर पूलवाल्यांइतका वाद का घालत नाहीत, याचं उत्तर यात मिळतं. मराठी वाचकाला हा भाग जवळचा आहे. आपल्याकडची क्यूची परंपरा बिलियर्ड्स आणि स्नूकरची. 1922 मध्ये पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, मुंबईचे मायकेल फरेरा 1977 मध्ये. पूल आपल्या शहरांत रुळला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. त्यामुळे आपल्याकडे स्नूकरवरून पूलकडे वळणाऱ्या खेळाडूला मधल्या जॉइंटचा क्यू सुरुवातीला परका वाटतो. दोष त्याच्या हाताचा नसतो.

हाताइतकाच कानाचाही विचार करायला हवा. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 मध्ये गोल्फच्या फटक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाडूंनी फटक्याच्या जाणिवेबद्दल दिलेली मतं आणि फटक्याचा आवाज यांचं नातं त्यात फार घट्ट निघालं. पूलमध्येही स्टीलचा जॉइंट, त्यातली पितळेची नळी आणि पायलट मिळून आवाजाला टोकदारपणा देतात. लाकडी जोडाचा आवाज खालच्या पट्टीत राहतो. 2016 मध्ये प्रेडेटरने कार्बन फायबरचा रेव्हो शाफ्ट आणला तेव्हा मेपलवर वाढलेल्या पुष्कळ खेळाडूंना पहिली अडचण आली ती आवाजाची. पोकळ नळीचा नाद दाबण्यासाठी अशा शाफ्टमध्ये फोम भरतात. चेंडू जिथे जायचा तिथे जात होताच, कान मात्र पटवून घ्यावे लागले.

हस्तिदंताबद्दल दोन शब्द वेगळे लिहिणं भाग आहे. जुन्या, महागड्या क्यूंमध्ये तो मानाचा पदार्थ होता. लेथवर सुरेख कातला जातो, रंग देखणा, वजन लाकूड आणि धातू यांच्या दरम्यान. त्याचा फटका गोड लागतो असं सांगणारे नामवंत खेळाडू पुष्कळ आहेत. पण आफ्रिकी हत्तीच्या दातांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1989 मध्ये बंदीचा निर्णय झाला, 2016 मध्ये अमेरिकेने देशांतर्गत व्यापारावरही जवळपास संपूर्ण बंदी घातली आणि भारतात तर वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हस्तिदंताची खरेदी-विक्री गुन्हा आहे. परदेशात स्वस्तात मिळालेला जुना, हस्तिदंती कडीचा क्यू हौसेनं घरी आणणारा माणूस मोठ्या अडचणीत सापडू शकतो. जिथे हस्तिदंत होता तिथे आज कृत्रिम पर्याय आणि फिनॉलिक आलं आहे, आणि खेळाचं त्यात काही बिघडलेलं नाही.

सवयीचं बळ किती असतं याचं उदाहरण स्नूकरमध्येच आहे. स्टीफन हेंड्री यांनी किशोरवयात 40 पाउंडांना घेतलेल्या एका साध्या क्यूने 1990 ते 1999 या काळात सात वेळा जगज्जेतेपद मिळवलं. 2003 मध्ये विमानप्रवासात तो क्यू मोडला. त्याहून किती तरी महागडे क्यू त्यांना सहज मिळणार होते, तरी त्यांना त्या जुन्या क्यूची उणीव भासली, कारण त्यांचा हात त्या एका थरथरीवर घडला होता. जाणीव चांगली की वाईट यापेक्षा ती ओळखीची आहे का, हा प्रश्न खेळाडूच्या दृष्टीने मोठा असतो. रोज तीच खबर तशीच आली तर हात तिच्यावर विसंबतो. जॉइंटचं काम ही खबर रोज सारखी पोचवणं हे आहे.

इथे पदार्थापेक्षा बसणी महत्त्वाची ठरते. दोन्ही तोंडं एकमेकांना सर्व बाजूंनी टेकली पाहिजेत, पिन अक्षात असली पाहिजे, शेवटची फेरी देताना क्यू घट्ट होऊन थांबला पाहिजे. यात कसूर असेल तर स्टील वाचवत नाही आणि हस्तिदंतही नाही. मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत याची परीक्षा दरवर्षी होते. मेपल ओलावा घेतं तेव्हा वार्षिक वलयांच्या दिशेने जितकं फुगतं तितकं त्यांना आडवं फुगत नाही. दोन्हींत जवळपास दुपटीचा फरक असतो. गोल कातलेलं लाकूड त्यामुळे पावसाळ्यात किंचित लंबगोल होतं, लाकडात पाडलेले आटे आवळतात आणि कडीच्या काठाशी बोटाला पायरी लागते. धातूची कडी स्वतः फुगत नाही, पण तिच्या आतलं लाकूड फुगतंच. लाकडी जोडाच्या क्यूला म्हणून आपल्याकडे बंद पेटी आणि सिलिका जेलची पुडी लागते. पावसात आवळलेला क्यू जोर लावून फिरवणं हा त्याचे आटे घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

या पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणांत टिप, फेरूल, शाफ्टचा निमुळतेपणा, रॅप आणि वजनाचे बोल्ट यांची पाळी येईल. फटक्याच्या जाणिवेत टिपचा वाटा सर्वांत मोठा, शाफ्टचा त्याखालोखाल आणि जॉइंटचा त्यानंतर, हे तिथे तपशिलाने दिसेल. जॉइंटपुरता निष्कर्ष असा : त्याचा पदार्थ क्यूचा तोल, थरथरीची पट्टी आणि आवाज बदलतो, चेंडूच्या वाटेवर त्याचा हात जवळजवळ नसतो. खेळाडूला वाटणारा फरक खोटा नाही. तो त्याच्या हातात आणि कानात आहे, टेबलावर नाही.

क्यू घ्यायला निघालेल्या वाचकाने म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी क्यू जोडून जॉइंटवर बोट फिरवावं आणि सपाट टेबलावर गरगर लोळवून तो उसळतो का ते पाहावं. मग बोटावर तोलून बिंदू कुठे येतो ते बघावं. मग दोन-तीन क्यूंच्या जॉइंटवर कागद गुंडाळून, कानात कापसाचे बोळे घालून मित्राकरवी ते अदलून-बदलून हातात घ्यावेत आणि शक्य असेल तर सगळ्यांना एकाच जातीची नवी टिप लावून घ्यावी. एवढं करूनही एखादा क्यू हाताला भावला तर तो बेधडक घ्यावा. कडी कशाची आहे हे कागद काढल्यावर पाहिलं तरी चालेल.